साडेतीन वाव

दोरी थांबली होती, आणि आकडा येत नव्हता.

होडीत पाच माणसे होती आणि चौघांचे लक्ष पाचव्याच्या त्या एका शब्दाकडे लागले होते. पुढच्या टोकाशी उभा असलेला सायलस ट्रेविन ओली दोरी बोटांत धरून पाण्यावर वाकला होता. शिशाचे वजन तळाला टेकले आहे, हे त्याच्या खांद्याकडे पाहून कळत होते; हातातले ओझे नाहीसे झाले की माणसाचा खांदा किंचित वर येतो, तसा तो आला होता. तरी तो हाक देईना. वल्ही पाण्याबाहेर आडवी धरलेली होती. त्यांच्या पात्यांवरून गळणारा प्रत्येक थेंब ऐकू येत होता. दूर प्रवाळाच्या रांगेवर लाटा फुटत होत्या, पण इतक्या दूर की एकीचा आवाज कानी यावा तोवर दुसरी फुटून पांढरी झालेली असे.

मागच्या बाकावर लेफ्टनंट हेस्केथ गुडघ्यावर वही उघडून बसला होता. कोन मोजायच्या सेक्स्टंटने दोन्ही कोन घेऊन झाले होते. किनाऱ्यावरची दुहेरी टेकडी, बेटावरचा चुना लावलेला दगडांचा ढीग आणि टोकावरचे एकटे झाड, तिन्ही खुणा आज कोरून काढल्यासारख्या स्वच्छ होत्या. जागा पक्की झाली होती. फक्त खोली यायची होती, वावांत, म्हणजे दोन्ही हात पसरून होणाऱ्या मापात.

सायलसने मान वळवली. त्याने हेस्केथच्या हाताकडे पाहिले, पाहत राहिला, आणि मग म्हणाला, "साडेतीन."

शिसे सोडणाऱ्याच्या हाकेला एक चाल असते. पहिला स्वर ताणायचा आणि शेवटचा पाण्यात विरघळू द्यायचा, म्हणजे तो साऱ्या गलबतभर पोहोचतो. सायलसची चाल सिडनीच्या बंदरात प्रसिद्ध होती. त्याच्या धाकट्या भावाची, ॲबेलची, त्याहून अधिक. आज त्याने चाल लावली नाही. आकडा नुसता ठेवून दिला, जसे कुणी टेबलावर चाकू ठेवावा.

"साडेतीन वाव!" वल्ह्यावरचा गफनी उद्गारला. तो खरे तर गलबताचा स्वयंपाकी, पण निम्मी माणसे सोन्याच्या खाणींकडे पळाल्यापासून सगळ्यांनाच सगळे करावे लागे. "आणि छापलेल्या नकाशात किती आहे, साहेब?"

"नऊ," हेस्केथ म्हणाला.

"नऊ," गफनीने पुन्हा म्हटले, आणि छातीवर क्रूस काढला. "म्हणजे बिचारी 'ऑरिओला' फुटून बुडाली ती इथंच."

सायलस दोरी ओढून घेऊ लागला. शिशाच्या बुडाशी खळगा असतो, त्यात चरबी भरतात, म्हणजे तळाची वाळू किंवा माती तिला चिकटून वर येते. त्या पांढऱ्या चरबीत आज तांबडा चुरा रुतून आला होता, दातांनी कुरतडल्यासारखा.

हेस्केथने वहीकडे पाहिले. आकडा लिहिलेला होता. साडेतीन. आणि तो केव्हा लिहिला गेला हे त्याला आठवत होते: दोरी थांबली त्या क्षणी. सायलसने तोंड उघडण्याच्या पुष्कळ आधी.

*

'टर्नस्टोन' हे किनाऱ्यावर चोचीने दगड उलटत फिरणाऱ्या एका लहानशा पक्ष्याचे नाव. पण गलबत जन्मतः त्या नावाचे नव्हते. दोन डोलकाठ्यांचे हे लाकूड पूर्वी बेटाबेटांवरून माणसे भरून उसाच्या मळ्यांवर उतरवीत असे. आरमाराने ते पकडले, जप्त केले, धुतले, रंगवले आणि मोजणीला लावले. जिथे माणसे कोंबली जात तिथे आता नकाशाची खोली होती. तिच्या मागच्या फळीवर कुणीतरी नखाने ओढलेल्या रेघांच्या रांगा होत्या. तीनदा रंग देऊनही दमट हवेत त्या वर येत. त्या कसल्या, दिवसांच्या की माणसांच्या, हे गलबतावर कुणालाच ठाऊक नव्हते. हेस्केथ त्या फळीकडे पाठ करून बसे. चार वर्षे बसत आला होता.

दोन वर्षांपूर्वी, अठराशे चौऱ्याहत्तरच्या ऑगस्टात, याच टेबलावर त्याने या जलमार्गाचा नकाशा काढला होता. तो लंडनला जाऊन छापला गेला. मागच्या सप्टेंबरात 'ऑरिओला' नावाचे जहाज खाणींकडे निघालेली माणसे घेऊन तोच नकाशा पसरून याच मार्गाने आले, आणि जिथे नऊ वाव पाणी असायला हवे तिथे त्याचे बूड फाटले. एक्केचाळीस माणसे गेली. सहा वाचली, आणि सहाही जणांनी सहा जागा दाखवल्या. म्हणून लंडनहून हुकूम आला: खडक शोधा, त्याची जागा ठरवा, आणि चूक कुणाची ते लिहून कळवा.

शोध तीन दिवस चालला. पहिले दोन दिवस हेस्केथने होडी उत्तरेकडे नेली. दोन्ही दिवस त्याला ठाऊक होते, की खडक दक्षिणेला आहे. तिसऱ्या दिवशी कप्तान फेरियरने कागदावर बोट ठेवले आणि विचारले, "हीच एक पट्टी उरली आहे, नाही का?" तेव्हा त्याला जावेच लागले.

आणि या तीन दिवसांत गलबतावर एक हाक ऐकू येत होती.

दुपारी, वारा पडून शिडे लोंबत तेव्हा, गलबताच्या डाव्या अंगाकडून, जिथे उभे राहून शिसे सोडतात त्या बाजूने. लांब, तरंगती, शेवटी विरघळणारी. गफनी म्हणे की डोलकाठीवरची कप्पी कुरकुरते आहे, तिला तेल हवे. दुसरा एक खलाशी म्हणे पाणपक्षी. सगळ्यांना सूर तेवढा ऐकू येई. हेस्केथला त्यात शब्दही ऐकू येत. दुसऱ्या दिवशी तो धावत त्या बाजूला गेला, तेव्हा तिथे कुणी नव्हते. आदल्या दिवसापासून खुंटीला टांगलेले शिसे मात्र ओले होते, आणि चरबीत चार तांबडे कण.

*

खडक सापडला त्याच दिवशी, होडी परतल्यावर, तो नकाशाच्या खोलीत बसला होता तेव्हा गफनी पाव घेऊन आला. पेन्सिलीच्या खुणा खोडायला पावाचा मऊ गर लागतो, म्हणून आठवड्यातून एकदा एक लहानसा पाव खास नकाशासाठी भाजला जाई.

"घ्या," गफनी म्हणाला. "माणसांनी अळ्या पडलेली बिस्किटं खायची, आणि कागदाला ताजा पाव. पुढल्या जन्मी मला नकाशाच करा म्हणावं."

"ठेव तिथे."

"चेहरा उतरलाय, साहेब. खडक सापडला की माणसं हसतात. तुम्ही तर तो तुमच्याच पोटात सापडल्यासारखे दिसताय." तो दाराशी रेंगाळला. "ॲबेल बिचारा. शेवटच्या तापात काय ओरडायचा, आठवतंय? रात्रंदिवस आकडे. जहाजभर ऐकू जायचे. कप्तान म्हणाले, भ्रम आहे."

"आठवतंय."

"सायलस तेव्हा इथं नव्हता ना, आल्यावर त्यानं पण मला तेच विचारलं. काय ओरडायचा म्हणून."

"आणि तू सांगितलंस?"

"सांगितलं की. त्यात लपवायचं काय?" आणि तो गेला.

हेस्केथने कपाटातून जुनी वही काढली, चौऱ्याहत्तरची, होडीतली. समुद्राच्या पाण्याने तिची पाने लाटांसारखी वाकडी झाली होती. मोजणीच्या शाळेत पहिला नियम शिकवतात: होडीतल्या वहीतले काही खोडायचे नाही. चुकले तर एक रेघ मारा, पण खालचे वाचता आले पाहिजे. त्या पानावर एकही रेघ नव्हती. कडेची जागा फक्त बाकी कागदापेक्षा जरा अधिक पांढरी होती. त्याने पेन्सिल आडवी धरून त्यावरून अगदी हलकेच फिरवली, आणि करड्या धुक्यातून, खालून कुणी बोटाने रेटावा तसा, आकडा वर आला.

दार वाजले नाही. सायलस आत उभा होता. हातात शिसे, बूड वर करून धरलेले.

"तळ नोंदवायचा राहिलाय, साहेब. तांबडं प्रवाळ, भुगा झालेलं."

"हो. लिहितो."

"लिहा." तो जागचा हलला नाही. "बाकीचं तर तुम्ही आधीच लिहिलंत."

हेस्केथ वर पाहू शकला नाही.

"मला अक्षरं येत नाहीत," सायलस म्हणाला. "आकडे येतात. उलटे धरले तरी येतात. मी मुद्दाम थांबलो होतो. म्हटलं, बघू तरी पेन्सिल कुणाच्या तोंडाकडं बघून चालते."

"सायलस..."

"कप्तानांनी लंडनसाठी लिहिलेल्या चिठ्ठीत काय आहे ते सगळ्यांना ठाऊक आहे. चिठ्ठी लिहिताना कप्तान मोठ्यानं बोलतात. दोरीवरची तीन वावाची खूण ॲबेलनं ओळखली नाही म्हणे. तीन चामड्याच्या पट्ट्या असतात तिथं, आणि दहाला भोक पाडलेलं एक चामडं. म्हणे गडबडला." तो हसला, पण ते हसणे चेहऱ्यावर कुठेच पोहोचले नाही. "आमचा बाप आम्हांला डोळे बांधून दोरी द्यायचा. काळोखात बोटं गारठली, की खूण ओठांना लावायची आणि ओळखायची. सात वर्षांचा असताना ॲबेल जिभेनं सांगायचा, हे कापड, हे चामडं, हे भोकाचं. तो गडबडला?"

खोलीत दमट हवा होती. मागच्या फळीवरच्या रेघा वर आल्या असणार, हे हेस्केथला न पाहताच कळत होते.

"नवाला तर खूणच नसते, साहेब," सायलस हळू आवाजात म्हणाला. "सातला तांबडं कापड, दहाला भोकाचं चामडं, मधलं सगळं अंदाजानं. जो आकडा दोरीवर नाही तोच नेमका तुमच्या नकाशात कसा आला?" आणि शिसे टेबलावर, उघड्या वहीच्या शेजारी ठेवून तो वर निघून गेला.

*

त्या ऑगस्टातली दुपार हेस्केथने कधी आठवायला घेतली नव्हती, कारण ती कधी विसरलीच गेली नव्हती.

होडीत ॲबेल उभा होता आणि वल्ह्यांवर दोघे, जे पुढे पंधरवड्यात कुकटाऊनच्या धक्क्यावरून खाणींकडे पसार झाले. नऊ, नऊ, साडेनऊ अशा हाका येत होत्या; ॲबेलची चाल इतकी गोड होती, की आकडे लिहिताना झोप यावी. आणि मग किनाऱ्यावरच्या माणसांनी दर साली लावतात तसा गवताला वणवा लावला. धूर उठला, आडवा पसरला, आणि दुहेरी टेकडी पुसली गेली. तीन खुणा असतील तर दोन कोन मिळतात, दोन कोन मिळाले तरच जागा मिळते. टेकडी गेली, जागा गेली. नेमकी तेव्हा ॲबेलची हाक चिरली.

"साडेतीन!"

"काय?"

"साडेतीन, साहेब. शिसं अडकलं नाही, बसलं. हे बघा, तांबडं."

होडी तोवर ओहोटीने पुढे सरकली होती. पुन्हा शिसे टाकले, नऊ. पुन्हा, नऊ. ॲबेल म्हणाला, "परत फिरू, साहेब. एक फेरी."

"टेकडी दिसत नाही. जागा घेता यायची नाही."

"मग थांबू की धूर निघेपर्यंत. खडक कुठं पळतोय?" मग हसत, पण डोळ्यांत न हसता तो म्हणाला, "आपण नाही घेतला, तर दुसरं कुणीतरी येऊन घेईल त्याला."

गलबतावर परतीचे निशाण चढले होते. पिण्याच्या पाण्याचे पिंप कोरडे होते. हेस्केथने आकडा पानाच्या कडेला लिहिला, जागेशिवाय, आणि म्हणाला, "वल्ही मारा."

जागा नसलेला आकडा कुठे ठेवायचा? त्यालाही एक रीत आहे. नकाशावर अंदाजाने एक टिंब द्यायचे आणि शेजारी दोन अक्षरे लिहायची, ज्यांचा अर्थ, जागा संशयास्पद. ती दोन अक्षरे पाहून जहाजे दूरून वळसा घेतात. पण कप्तान फेरियरने त्या हंगामात सगळ्यांसमोर म्हटले होते, की माझ्या कागदावर संशयाचे एकही अक्षर जाणार नाही. संशय हा आळशी माणसाचा शिक्का. हेस्केथ तेव्हा चोवीस वर्षांचा होता आणि कप्तानाची मान डोलताना पाहण्यासाठी त्याने समुद्रही प्यायला असता. चार दिवसांनी, स्वच्छ नकाशावर, अलीकडे नऊ आणि पलीकडे नऊ असे आले. मध्ये पोकळी. त्याने पावाचा गर बोटांत मळला आणि कडेचा आकडा पुसला. पोकळीत नऊ लिहिले.

ॲबेलला अकराव्या दिवशी ताप चढला. तो जे ओरडत होता ते सगळे गलबत ऐकत होते. समजत होते एकट्या हेस्केथला.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी कप्तान फेरियरने त्याला केबिनमध्ये बोलावले. टेबलावर चिठ्ठी तयार होती, शाई, टाक आणि दौतीखाली दाबलेला टिपकागद. कप्तान उंच, करड्या कल्ल्यांचा माणूस होता. तो नेहमी खिडकीकडे पाहून बोले, जणू समोरचा माणूस क्षितिजावर असावा.

"बसा, हेस्केथ. खडकाचं टोक कसं आहे?"

"सुईसारखं, सर. एका होडीच्या अंतरावर दोन्हीकडे नऊ वाव."

"म्हणजे कुणाच्याही हातून निसटलं असतं."

"हो, सर. पण निसटलं नव्हतं."

कप्तानाने खिडकीवरून नजर काढली.

हेस्केथने वही पुढे सरकवली. करड्या डागातला पांढरा आकडा दिवसाउजेडी अधिकच उघडा दिसत होता. मग तो बोलला. धूर, टेकडी, ॲबेल, परतीचे निशाण, पाव. बोलायला विलक्षण थोडा वेळ लागला. दोन वर्षे छातीवर बसलेली गोष्ट मिनिटाभरात संपते, याचे त्याला स्वतःलाच आश्चर्य वाटले.

"दोन अक्षरं," कप्तान शेवटी म्हणाला. "दोन अक्षरं लिहायची होती तुम्ही."

"तुम्ही म्हणाला होतात, सर, की तुमच्या कागदावर..."

"मी काय म्हणालो ते मला ठाऊक आहे." त्याचा हात दौतीकडे गेला, परत आला. "हे बघा. तुमचं वय सव्वीस. त्या माणसाला बायको नाही, मुलं नाहीत. मेलेल्या माणसाची बढती अडत नाही. चिठ्ठीवर सही केलीत तर ही वही कपाटात जाईल आणि गलबताबरोबर एक दिवस भंगारात निघेल. मी तुम्हाला हुकूम करत नाही. मी वर जातोय. परत येईन तेव्हा कागद टेबलावर असेल, एवढंच."

तो गेला. हेस्केथने चिठ्ठी वाचली. अक्षर सुंदर होते. 'सदर खलाशाने खुणेची चूक केली असावी, व तो आता हयात नसल्याने अधिक चौकशी शक्य नाही.' सहीसाठी जागा मोकळी सोडलेली होती. पोकळी. अलीकडे नऊ, पलीकडे नऊ.

त्याने कागद उलटला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिले: 'ॲबेल ट्रेविन याने साडेतीन वाव अशी हाक दिली. त्याने परत फिरण्यास सांगितले. मी पुढे जाण्याचा हुकूम दिला, आणि नंतर आकडा पुसून त्या जागी नऊ लिहिले. शिसे सोडणाऱ्याची चूक नाही.' खाली सही केली. टिपकागद लावला नाही. शाई आपली आपण वाळू दिली.

कप्तानाने परत येऊन ते वाचले, दोनदा वाचले, आणि घडी घातली. त्याचा चेहरा एकाएकी म्हातारा दिसला.

"सिडनीपर्यंत नकाशा पुरा करा," तो म्हणाला. "त्यानंतर तुमच्या हाती पेन्सिल कुणी देणार नाही. तुमचं काय ते लंडनवाले ठरवतील. बहुधा माझंही." मग खिडकीकडे वळून, "खडकाला नाव लागेल. काय देता?"

"संध्याकाळपर्यंत सांगतो, सर."

*

दुपार झाली तसा वारा मंदावला. शिडे एकदा हलली, दुसऱ्यांदा हलायची थांबली. समुद्र तेलासारखा चकचकीत झाला आणि दूरच्या लाटांचा आवाज एकाएकी जवळ आला. ती हीच वेळ होती. गफनीने वर डोलकाठीकडे पाहिले आणि भांडी घासता घासता थांबला.

डाव्या अंगाला, पाण्यावर झुकलेल्या फळीवर, सायलस बसला होता. मांडीवर शिसे उलटे धरून तो खळग्यात नवी चरबी भरत होता, अंगठ्याने दाबून, कडा नीट करीत. हेस्केथ त्याच्याजवळ जाऊन उभा राहिला.

"मी लिहून दिलं," तो म्हणाला.

"काय?"

"त्यानं साडेतीन म्हटलं होतं. परत फिरा म्हणाला होता. मी फिरलो नाही. मी पुसलं."

सायलसचा अंगठा क्षणभर थांबला. "कप्तानांनी वाचलं?"

"दोनदा."

"आणि चिठ्ठी?"

"तिच्याच पाठीवर लिहिलं. आता ती बाजू झाकून ती धाडता यायची नाही."

सायलसने चरबीवरून बोट फिरवले. "एक्केचाळीस माणसं, साहेब."

"हो."

"आणि एक आमचा. तो त्या मोजणीत येत नाही, पण तो तापानं मेला नाही, हे मी सांगतो तुम्हाला. आकडा तोंडात घेऊन मेला तो. कुणी घेतच नव्हतं त्याच्याकडून."

खाली पाण्यात गलबताची सावली स्वच्छ पडली होती, डोलकाठ्या, दोर, आणि फळीवरची दोन माणसे.

"खडकाला नाव द्यायचंय," हेस्केथ म्हणाला. "मी म्हटलं, ट्रेविनचा खडक. नकाशात कायमचं राहील त्याचं नाव."

सायलसने पहिल्यांदाच त्याच्याकडे सरळ पाहिले. "आणि पुढची शंभर वर्षं इथून जाणारा प्रत्येक सुकाणूवाला त्या नावानं शिव्या घालेल. हा ट्रेविन कुठला मधेच उपटलाय म्हणेल. एकदा मोकळं केलंत ना त्याला, साहेब? मग आता त्याला पाण्यात उभा करू नका." त्याने चरबीचे भांडे झाकले. "रीत आहे तीच पाळा. जे जहाज बुडालं त्याचं नाव द्या. नाहीतर तुमचं द्या. ते बरं दिसेल."

"माझं?"

"छान वळसा घेतील सगळे."

यावर हसावे की नाही, हेस्केथला कळेना. त्याने कान दिले. वारा पूर्ण पडला होता. कप्पी कुरकुरली नाही. पाणपक्षी एकही नव्हता. भरदुपारी, पाणी निश्चल असताना, जी वेळ तीन दिवस चुकली नव्हती ती येऊन उभी राहिली आणि पुढे सरकली. गफनी पुन्हा भांडी घासू लागला. कुठूनही काही आले नाही. त्या शांततेत हेस्केथला आधी सुटल्यासारखे वाटले आणि मग, हळूहळू, भय वाटू लागले. कारण आज त्या बाजूला सायलस होता, त्याच्या समोर, तोंड मिटून.

"आज आली नाही," हेस्केथ कुजबुजला.

"काय आली नाही?"

"हाक. दुपारची. तूही ऐकली असशील. गफनीनं तुला सांगितलं होतं, तो काय ओरडायचा ते. ते ओलं शिसं, तो तांबडा चुरा... सायलस, मला राग नाही. माझा हक्कच नाही. फक्त एवढं सांग. ती हाक तू देत होतास का?"

सायलस उठला. त्याने शिसे खांद्यावर टाकले, दोरीची वेटोळी दुसऱ्या हातात गोळा केली, आणि बोटांनी चाळवत तीन चामड्याच्या पट्ट्यांची खूण शोधून ती क्षणभर ओठांना लावली. मग हेस्केथच्या बाजूने, त्याला धक्का न लागू देता, तो पुढच्या डेककडे चालू लागला. हेस्केथने त्याला पुन्हा नावाने हाक मारली. तो वळला नाही.